आवाजाआधी काळ : हृदयाच्या झडपांच्या विकारांची प्रस्तावना

मानवी हृदयातील चार झडपांचे काम सांगायला सोपे आहे : रक्त पुढे जाऊ द्यावे आणि मागे फिरू देऊ नये. डावे अलिंद आणि डावे निलय यांच्यामध्ये द्विदल म्हणजे मिट्रल झडप, उजव्या बाजूला त्याच जागी त्रिदल म्हणजे ट्रायकस्पिड झडप, डाव्या निलयातून महाधमनीत शिरण्याच्या तोंडाशी महाधमनीची म्हणजे एऑर्टिक झडप आणि उजव्या निलयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीच्या तोंडाशी पल्मनरी झडप, अशी त्यांची मांडणी आहे. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा त्या उघडतात आणि मिटतात. ही उघडमीट घडवणारे बळ त्यांच्या पात्यांत नसते, दोन बाजूंच्या दाबांत जो फरक पडतो त्यानेच पाती हलतात. या एका गोष्टीवर पुढचे सगळे विवेचन उभे आहे. झडप बिघडते तीही दोनच रीतींनी : एक तर ती पुरती उघडत नाही, तिला अरुंदता किंवा स्टेनोसिस म्हणतात, नाही तर ती पुरती मिटत नाही, तिला गळती किंवा रिगर्जिटेशन म्हणतात. चार झडपा आणि दोन बिघाड, म्हणजे सगळा हिशेब आठ विकारांत आटोपायला हवा. तरीही अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला वैद्यकशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ज्या केसची सर्वांत जास्त धास्ती वाटते, ती बहुधा झडपेचीच असते.

या धास्तीचे कारण विषयाच्या अवघडपणात जितके आहे त्याहून अधिक उजळणीच्या पद्धतीत आहे. परीक्षेच्या आदल्या महिन्यात झडपांचे विकार तक्त्याच्या रूपाने पाठ केले जातात : एका रकान्यात विकार, दुसऱ्यात मर्मर म्हणजे रक्तप्रवाहाच्या खळबळीतून उठणारा लांबट आवाज, तिसऱ्यात तो छातीवर कोठे ऐकू येतो ती जागा, चौथ्यात तो कोणत्या दिशेने पसरतो ती वाट. असा तक्ता लेखी परीक्षेपुरता कामी येतो; पण रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की तो विस्कटतो, कारण रुग्णाला क्वचितच एकच विकार असतो आणि आवाज क्वचितच ग्रंथातल्यासारखा स्पष्ट असतो. हृदयाच्या एका ठोक्यात कोणत्या क्षणी कोणत्या कप्प्यातला दाब वर असतो हे ज्याला कागदावर रेषा काढून दाखवता येते, त्याला तक्त्याची गरज उरत नाही, हा या पुस्तकाचा आग्रह आहे. म्हणूनच पहिल्या प्रकरणात एकाही रोगाचे नाव येत नाही. त्यात केवळ अलिंद, निलय आणि महाधमनी यांच्या दाबांचे आलेख आहेत आणि विद्यार्थ्याने ते पुस्तक मिटून स्वतःच्या हाताने काढून पाहावेत अशी अपेक्षा आहे.

आवाज मोठा म्हणजे विकार मोठा, ही समजूत सर्वांत आधी सोडावी लागते. महाधमनीच्या झडपेच्या अरुंदतेचे, म्हणजे एऑर्टिक स्टेनोसिसचे, उदाहरण घ्यावे. निरोगी अवस्थेत या झडपेचे तोंड ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असते; ते १ चौरस सेंटिमीटरपर्यंत आक्रसले की विकार तीव्र समजतात. इको म्हणजे हृदयाच्या ध्वनिलहरींच्या तपासणीत तोंडातून उसळणाऱ्या रक्ताचा वेग मोजता येतो, आणि वेगाचा वर्ग करून त्याला चारने गुणले की दाबातला फरक पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मिळतो. वेग सेकंदाला ४ मीटर असेल तर कमाल फरक ६४ मिलिमीटर येतो, आणि संपूर्ण आकुंचनकालाची सरासरी काढली तर तोच फरक सुमारे ४० च्या घरात जातो. तीव्रतेच्या व्याख्येत ४ मीटर वेग आणि ४० मिलिमीटर सरासरी फरक हे दोन आकडे शेजारी का असतात, ते या साध्या गुणाकारातून कळते. पण वेग निर्माण करायला निलयाच्या स्नायूत ताकद लागते. वर्षानुवर्षे अरुंद तोंडातून रक्त ढकलून तो स्नायू थकला, की प्रवाह घटतो, वेग घटतो, दाबातला फरक घटतो आणि मर्मरही मंदावतो. झडप मात्र पूर्वीइतकीच, किंबहुना अधिक, अरुंद असते. अशा रुग्णाच्या छातीवरचा हलका आवाज ऐकून विकार सौम्य असल्याचे सांगणारा परीक्षार्थी मोठी चूक करतो. मर्मर आकुंचनकालात किती उशिरा शिखराला पोचतो, झडप मिटण्याचा दुसरा ध्वनी किती दबला आहे आणि मानेतल्या कॅरोटिड धमनीची नाडी किती लहान व किती सावकाश वर चढते, या तीन गोष्टी तीव्रता सांगतात. आणि त्यांतल्या दोन सरळ सरळ काळाशी निगडित आहेत.

मिट्रल झडपेच्या अरुंदतेला या पुस्तकात इतर कोणत्याही विकारापेक्षा जास्त पाने दिली आहेत, आणि ते जाणूनबुजून केले आहे. हा विकार जवळजवळ सर्वस्वी र्‍ह्युमॅटिक तापाची देणगी असतो, आणि भारतातल्या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत तो आजही भेटतो. पाश्चात्त्य ग्रंथांतली मिट्रल स्टेनोसिसची रुग्ण बहुधा मध्यमवयीन स्त्री असते, जिला बालपणी ताप येऊन गेला आणि लक्षणे काही दशकांनी दिसू लागली. भारतात मात्र विशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये झडप अतितीव्र अरुंद झालेली आढळते, हे एस. बी. रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडले, आणि ‘जुव्हेनाइल मिट्रल स्टेनोसिस’ ही संज्ञा तेव्हापासून भारतीय विद्यार्थ्याच्या अभ्यासाचा भाग झाली. अशा कोवळ्या वयाच्या रुग्णात झडपेवर चुना म्हणजे कॅल्शियम क्वचितच साचलेला असतो आणि हृदयाची लय बहुधा नियमित असते. या फरकाची जाणीव नसेल, तर ग्रंथातले वर्णन जुळत नाही म्हणून समोरचे निदान हातचे निसटते.

रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावे, छातीवर जिथे हृदयाचा ठोका बोटाला लागतो ती जागा शोधावी, आणि स्टेथोस्कोपची लहान वाटी म्हणजे बेल तिथे अलगद, कातडीवर दाब पडणार नाही अशी टेकवावी. जोर दिला की ताणलेली कातडीच पडद्याचे काम करू लागते आणि खालच्या पट्टीतला, दूरच्या गडगडाटासारखा आवाज नाहीसा होतो. त्या जागी कान स्थिरावला, की आधी ठसठशीत पहिला ध्वनी लक्षात येतो. तो ठसठशीत का, याचे उत्तर पुन्हा दाबात आहे : अलिंदात रक्त तुंबलेले असल्यामुळे प्रसरणकालाच्या अखेरीपर्यंत पाती उघडी धरलेली असतात, आणि निलय आकुंचन पावताच ती दूरवरून एकमेकांवर आदळतात. दुसऱ्या ध्वनीनंतर क्षणार्धात ‘ओपनिंग स्नॅप’ म्हणजे ताठरलेली पाती उघडताना होणारा टचकन आवाज येतो, आणि त्यामागून गडगड सुरू होते. दुसरा ध्वनी आणि हा टचका यांतले अंतर ०.०४ ते ०.१२ सेकंद एवढेच असते; अलिंदातला दाब जितका चढलेला, तितकी झडप लवकर उघडते आणि तितके हे अंतर आखडते. म्हणजे गडगड किती मोठी आहे यापेक्षा टचका किती लवकर आला यावरून विकाराचे गांभीर्य कळते. पुढे पाती चुन्याने दगडासारखी झाली, की पहिला ध्वनी दबतो, टचका नाहीसा होतो, आणि प्रवाह फारच घटला असेल तर गडगडही कानाला लागत नाही.

या विकारात रुग्ण कोलमडतो तो बहुतेक वेळा नाडीचा वेग वाढल्यामुळे. मिनिटाला ७० ठोके असताना एका ठोक्याला सुमारे ०.८५ सेकंद मिळतात. ठोके दुप्पट झाले की हा अवधी निम्म्यावर येतो, आणि ही कपात मुख्यतः प्रसरणकालाच्या वाट्याला येते, म्हणजे अरुंद तोंडातून रक्त उतरायला जो काळ हवा तोच हिरावला जातो. वर्षानुवर्षे घरकाम करीत असलेली स्त्री तापाने, रक्तक्षयाने, गरोदरपणाने किंवा अलिंदाची लय बिघडून, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन सुरू होऊन, एका रात्रीत फुप्फुसांत पाणी भरून रुग्णालयात येते, त्याचे मूळ इथे आहे. गरोदरपणात रक्तातील द्रवाचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि नाडीही वाढते. त्यामुळे जिला आपल्या झडपेविषयी काहीच ठाऊक नव्हते, अशा तरुणीचा विकार पहिल्या गरोदरपणातच उघडकीला येणे आपल्याकडे नवलाचे नाही. प्रसूतिशास्त्राच्या तोंडी परीक्षेतही हा प्रश्न येतो, आणि दोन विषयांच्या सीमेवर असल्यामुळे दोन्हीकडच्या उजळणीतून तो सुटतो.

या विकाराच्या मुळाशी असतो तो शाळकरी वयातला घसा. ‘ए’ गटातल्या स्ट्रेप्टोकोकस या जंतूने घसा धरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांत र्‍ह्युमॅटिक ताप उद्भवतो. जंतूच्या अंगावरील प्रथिने आणि हृदयातील प्रथिने यांच्यातल्या साम्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच झडपांवर उलटते. निदानाचे निकष टी. डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये मांडले, आणि पुढच्या सुधारणांनंतर ते असे आहेत : हृदयदाह, सांध्यांचा दाह, कोरिया म्हणजे हातापायांच्या अनावर हालचाली, कातडीवरील कडेदार चट्टे आणि त्वचेखालच्या गाठी ही पाच प्रमुख लक्षणे. २०१५ च्या सुधारणेने या निकषांत महत्त्वाचा भेद आणला. ज्या समाजात हा ताप वारंवार आढळतो तिथे एकाच सांध्याचा दाह किंवा अनेक सांध्यांची नुसती दुखणीही प्रमुख लक्षणांत धरली जातात, आणि कोणत्याही समाजात, कानाला काहीच लागले नाही तरी, इकोत दिसलेला हृदयदाह ग्राह्य ठरतो. भारतीय परीक्षार्थ्याने हीच आवृत्ती आत्मसात करावी. झडपेचे पुढचे नुकसान टाळण्यासाठी बेंझाथिन पेनिसिलिनचे १२ लाख युनिटांचे इंजेक्शन तीन ते चार आठवड्यांनी एकदा, झडपेत कायमचा बिघाड राहिला असेल तर किमान १० वर्षे किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यांपैकी जे अधिक असेल तितका काळ द्यावे लागते. इंजेक्शन दुखते, मूल धडधाकट दिसत असते, शाळा आणि मजुरी बुडते, म्हणून ते चुकत जाते. आणि हे चुकणे थांबवणे हाच उपचारातला सर्वांत कठीण भाग असल्याचे या विषयात काम करणारा प्रत्येक जण जाणतो. पाठ्यपुस्तकांत या भागाला दोन-चार ओळी मिळतात. त्या पुरेशा नाहीत.

शस्त्रक्रियेच्या इतिहासाला पुस्तकात एक छोटे प्रकरण दिले आहे, कारण त्यातूनही झडपेचे काम समजून घेण्याचा तोच धडा मिळतो. बॉस्टनमध्ये एलियट कटलर यांनी १९२३ मध्ये अरुंद मिट्रल झडप उपकरणाने कापली आणि पहिली रुग्ण वाचली. पण झडपेचा तुकडाच काढून टाकण्याच्या पुढच्या प्रयत्नांनी तीव्र गळती निर्माण होई आणि ते रुग्ण दगावत गेले. हेन्री सूटर यांनी १९२५ मध्ये लंडनमध्ये अलिंदातून बोट घालून झडप रुंदावली, रुग्ण बरी झाली, आणि तरीही त्यांच्याकडे दुसरा रुग्ण कोणी पाठवला नाही; झडपेपेक्षा हृदयाच्या स्नायूचाच रोग महत्त्वाचा, असे तेव्हाचे वैद्यकीय मत होते. १९४८ मध्ये चार्ल्स बेली आणि ड्वाइट हार्केन यांनी चिकटलेल्या पात्यांच्या सांध्यातूनच झडप मोकळी करण्याची वाट पक्की केली, आणि जपानच्या कान्जी इनोउए यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फुग्याच्या तंत्राने छाती न उघडता तेच साधले. कोणत्या रुग्णाला फुगा चालेल हे ठरवण्यासाठी विल्किन्स गुणांक वापरतात : पात्यांची हालचाल, जाडी, चुना आणि खालच्या तंतूंची अवस्था यांना प्रत्येकी १ ते ४ गुण, आणि बेरीज ८ किंवा त्याहून कमी असेल तर फळ चांगले मिळते.

गळतीच्या विकारांत सावकाश झालेली गळती आणि अचानक झालेली गळती हे जणू दोन वेगळे रोग आहेत, ही गोष्ट उजळणीत हमखास निसटते. मिट्रल झडप वर्षानुवर्षे गळत असेल तर अलिंद फुगते, जास्तीचे रक्त सामावून घेते, आणि संपूर्ण आकुंचनकाल व्यापणारा, काखेकडे जाणारा मर्मर स्पष्ट ऐकू येतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर झडपेला आधार देणारा पॅपिलरी स्नायू तुटला तर अलिंद आहे तेवढेच लहान असते, त्यातला दाब झटक्यात निलयाच्या जवळ पोचतो, प्रवाह थांबतो आणि मर्मर आखूड होतो किंवा ऐकूच येत नाही. रुग्ण मात्र गुदमरत असतो आणि एक्स-रेमध्ये हृदयाचा आकार प्राकृत दिसतो. मागच्या-मधल्या बाजूचा स्नायू तुटण्याची शक्यता अधिक, कारण त्याला बहुधा एकाच धमनीचा पुरवठा असतो. महाधमनीच्या झडपेच्या गळतीतही हेच : जुन्या गळतीत वरचा आणि खालचा रक्तदाब यांतले अंतर रुंदावते, नाडी उसळून कोसळते, आणि कॉरिगन, क्विंके, द्युरोझिए अशी नावे लागलेली चिन्हे दिसतात, ती सर्व याच एका रुंदावलेल्या अंतराची रूपे आहेत. या नावांच्या यादीवर विद्यार्थी जितका वेळ घालवतात तितकी तिची योग्यता नाही. अचानक झालेल्या गळतीत, म्हणजे झडपेला जंतुसंसर्ग झाल्यावर किंवा महाधमनीचे अस्तर फाटल्यावर, यांतले काहीच दिसत नाही.

उजव्या बाजूच्या झडपांविषयी पुस्तक थोडक्यात सांगते : तिथले आवाज श्वास आत घेताना वाढतात, कारण उजव्या हृदयात तेव्हा अधिक रक्त येते. याच तर्काने हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे निलयाची भिंत जाड होऊन बाहेर पडण्याची वाट अडवणारा विकार, एऑर्टिक स्टेनोसिसपासून वेगळा ओळखता येतो. रुग्णाला उकिडवे बसवले की हृदय भरते, अडथळ्याची जागा रुंदावते आणि मर्मर घटतो; उभे केले किंवा श्वास कोंडून कुंथायला लावले की हृदय रिकामे होते आणि मर्मर वाढतो, जे झडपेच्या अरुंदतेत नेमके उलट घडते.

जंतुजन्य अंतर्हृदयदाहाचे, म्हणजे इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिसचे, प्रकरण निदानाच्या १९९४ च्या ड्यूक निकषांपासून त्यांच्या २०२३ च्या सुधारित रूपापर्यंत जाते. त्यातली एकच गोष्ट इथे सांगणे आवश्यक आहे, की झडपेचा विकार असलेल्या रुग्णाला कारण न समजणारा ताप येत राहिला, तर प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी रक्ताचे कल्चर किमान तीन वेळा वेगवेगळ्या जागांहून घ्यावे. गोळ्या आधी आणि तपासणी नंतर, ही आपल्याकडची सवय या रोगात जिवावर बेतते.

आकड्यांच्या बाबतीत एक सूचना अटळ आहे. जुन्या ग्रंथांत मिट्रल झडपेचे तोंड १ चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान झाल्यावरच अरुंदता तीव्र म्हटली जाई. अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी २०१४ पासून ही मर्यादा १.५ वर आणली आहे. तोंडी परीक्षेत आकडा सांगताना तो कोणत्या व्याख्येतला हेही सांगावे. तसेच २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीने दाखवले, की र्‍ह्युमॅटिक झडपविकारासह एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या रुग्णांत रक्त पातळ करणाऱ्या नव्या रिव्हारोक्सॅबॅनपेक्षा वॉरफरिनसारख्या जुन्या औषधांवर मृत्यू कमी झाले. नवे औषध प्रत्येक वेळी चांगले, असे धरून चालणाऱ्याचे उत्तर इथे चुकते.

हे पुस्तक मराठीत असण्याला भाषाभिमानापलीकडचे कारण आहे. महाराष्ट्रातला विद्यार्थी इंग्रजीत शिकतो आणि मराठीत केस घेतो. रुग्ण ‘डिस्प्निया’ म्हणत नाही. ‘जिना चढताना धाप लागते’, ‘दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही’, ‘मध्यरात्री जीव घाबरा होतो आणि उठून खिडकीपाशी बसावं लागतं’ असे तो सांगतो, आणि या तीन वाक्यांत श्रमाने लागणारी, आडवे झाल्यावर लागणारी आणि रात्री झोपेतून उठवणारी धाप अशा तीन वेगळ्या पायऱ्या असतात. ‘लहानपणी सांधे सुजले होते’ हे वाक्य तर विचारल्याशिवाय सहसा येतच नाही. ‘वॉल खराब आहे’ एवढेच रुग्णाला पूर्वी सांगितलेले असते. कोणता वॉल आणि काय खराब, हे पुढच्या प्रश्नांनी काढून घ्यावे लागते.

शेवटचे प्रकरण कृत्रिम झडपांचे आहे. अल्बर्ट स्टार आणि लॉवेल एडवर्ड्स यांच्या १९६० मधल्या पिंजऱ्यातल्या चेंडूच्या झडपेपासून ते तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एम. एस. वलियाथन यांच्या चमूने घडवलेल्या, आधीचे नमुने अयशस्वी ठरल्यावर डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णात बसवलेल्या भारतीय झडपेपर्यंतचा प्रवास त्यात आहे. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली झडप रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा दीर्घ जाच टाळते, पण तरुण वयात लवकर झिजते. धातूची टिकते, पण वॉरफरिन जन्मभर घ्यावे लागते आणि रक्त किती पातळ झाले ते दाखवणारा आयएनआर सतत तपासावा लागतो. धातूची झडप मिटताना टिकटिकते; शांत खोलीत शेजारी बसलेल्यालाही ती पुष्कळदा ऐकू येते, आणि कालांतराने रुग्णाच्या घरच्यांना तिची सवय होते. अशा रुग्णाची धाप वाढली असेल, गोळ्या चुकल्या असतील, आणि ती टिकटिक बोथट झाली असेल किंवा ऐकू येईनाशी झाली असेल, तर झडपेवर रक्ताची गुठळी बसल्याचे धरून, स्टेथोस्कोप खाली ठेवून लगेच इको मागवायचा असतो.